कोर्ट फी : जमा कुणाची, खर्च कुणावर?

रविवारची वंदना आटोपली होती. विहारातल्या सतरंज्या गुंडाळण्याचे काम चालू होते. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक भगिनी हातात कागदांची पिशवी घेऊन पुढे आली. पती वारून वर्ष झाले होते. गावच्या घरात पतीचा निम्मा हिस्सा, पण दिराने कुलूप बदलले आणि "तुझा इथे काय संबंध?" असे सुनावले. तालुक्याच्या कोर्टात ती वकिलाला भेटून आली होती. "दादा, दावा मजबूत आहे म्हणतात, पण आधी तिकिटाचे पैसे भरा म्हणतात. वकिलाची फी वेगळी," एवढे बोलून ती गप्प बसली.

आम्ही काय केले? जे आपण नेहमी करतो तेच केले. वही काढली, वर्गणी लिहायला घेतली. कुणी दहा दिले, कुणी पन्नास, कुणी शंभर. तिने कानातली फुले मोडली. तिकिटे लागली आणि दावा दाखल झाला. आम्हांला मोठे समाजकार्य केल्याचे समाधान वाटले.

पुढे काही महिन्यांनी त्याच कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा फलक वाचला आणि आम्हांला आमचीच लाज वाटली. त्या भगिनीला एक पैसाही भरण्याची गरज नव्हती. ती स्त्री म्हणून पात्र होती आणि अनुसूचित जातीची म्हणूनही पात्र होती. एक सोडून दोन दरवाजे तिच्यासाठी उघडे होते, आणि आम्ही तिला बंद दरवाजापुढे वर्गणीची वही घेऊन उभे केले होते. दिवसभर दुसऱ्याचे जमा-खर्च तपासणारे आम्ही, आपल्या माणसांच्या हक्काचा हिशेब मात्र आम्हांला ठाऊक नव्हता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, कोर्ट फी वाढवा, त्या पैशातून न्यायाधीश नेमा, गरिबांना मोफत वकील द्या, असा विचार अधूनमधून मांडला जातो. ऐकायला तो चांगला वाटतो. श्रीमंताकडून घ्यावे आणि गरिबाला द्यावे, यात वाईट काय? पण जमेच्या बाजूला कुणाचे नाव लिहिले जाते आणि खर्च खरोखर कुणावर होतो, हे पाहिल्याशिवाय आपण त्याला हो म्हणू नये.

ही फी आली कुठून?

न्याय मागणाऱ्याकडून फी घेण्याची आजची पद्धत इंग्रजी अमदानीतली आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९५ साली बंगालमध्ये दाव्यांवर फी बसवली. कारण असे दिले की, लोक खोटे दावे फार करतात, त्यांना आळा बसावा. हे कारण हास्यास्पद आहे, असे पुढे खुद्द मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्यानेच म्हटले. आणि ते खरेच आहे. फीला दावा खरा की खोटा हे कळत नाही. तिला फक्त खिसा भरलेला की रिकामा एवढेच कळते. खोटा दावा करणारा सावकार फी भरून आत जातो आणि खरा दावा असलेला मजूर पायरीवरून परत येतो.

पुढे १८७० चा कोर्ट फी कायदा आला. आपल्या राज्यासाठी १९५९ साली स्वतंत्र कायदा झाला, तोच आज महाराष्ट्र कोर्ट फी कायदा म्हणून ओळखला जातो. स्वातंत्र्यानंतर एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात स्पष्ट मत दिले की, न्यायदान हे राज्याचे मूळ कर्तव्य आहे, त्यासाठी पक्षकारांकडून फी घेणे तत्त्वतः योग्य नाही. घ्यायचीच असेल तर दिवाणी न्यायालयांचा जेवढा खर्च असेल त्याहून अधिक रक्कम गोळा करू नये, म्हणजे सरकारने न्यायाचा धंदा करू नये. हे मत अहवालात राहिले आणि फी मात्र चालूच राहिली.

लहानाला जड, मोठ्याला हलकी

मालमत्तेच्या आणि पैशाच्या दाव्यात फी दाव्याच्या किमतीवर ठरते. १६ जानेवारी २०१८ पासून महाराष्ट्रात ही फी वाढली. पूर्वी कितीही मोठा दावा असला तरी ३ लाख रुपयांच्या वर फी लागत नसे. ही कमाल मर्यादा १० लाखांवर नेण्यात आली. अनेक वकील संघटनांनी वाढीला विरोध केला. सरकारचे म्हणणे असे की, रुपयाची किंमत घसरली, खर्च वाढला, मग फी जुनीच कशी ठेवावी?

आता हिशेब करून पाहू. एखाद्या कंपनीने १०० कोटींचा दावा लावला तर तिला जास्तीत जास्त १० लाख भरावे लागतील. म्हणजे शंभर रुपयांमागे दहा पैसे. उलट लाखभराचा दावा लावणाऱ्या सामान्य माणसाला शंभरामागे याच्या कितीतरी पट द्यावे लागते. डोंगर उतरावा तशी ही पट्टी वर जाऊ तशी हलकी होत जाते. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी हा उतार उलटा करावा.

१९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटक, राजस्थान आणि महाराष्ट्राच्या फीचा प्रश्न आला होता. दाव्याच्या किमतीवर फी आकारणे घटनाबाह्य नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. परंतु ही आकारणी तर्कसंगत करण्याचे भान सरकारांनी ठेवावे, हेही सांगितले. कायद्याने चालते म्हणून ते न्याय्यच असते असे नाही, हे आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको.

पैसा जातो कुठे?

कोर्टाच्या खिडकीवर भरलेला पैसा त्याच कोर्टाच्या न्यायाधीशासाठी वापरला जातो, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथे दारूवरचा कर, जमिनीचा महसूल आणि विधवेच्या दाव्याचे तिकीट एकाच गंगाजळीत मिसळतात. त्यातून न्यायालयांना किती मिळावे हे अर्थसंकल्प ठरवतो. त्यामुळे नुसती फी वाढली म्हणून एकही न्यायाधीश वाढत नाही.

आणि न्यायाधीशांची गरज तर मोठी आहे. विधी आयोगाने १९८७ साली सांगितले की, दर १० लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश हवेत. तेव्हा ते दहा-अकराच्या आसपास होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा आकडा पाच वर्षांत गाठावा असा आदेश दिला. आज मंजूर पदे धरूनही आकडा २१ च्या आसपासच आहे, आणि मंजूर पदांपैकी पुष्कळ रिकामी आहेत. देशाच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत ४ कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. आमच्या त्या भगिनीच्या प्रकरणातही एक साहेब बदलून गेले, दुसरे येईपर्यंत तारखांवर तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला एस. टी. चे भाडे आणि एक खाडा. फी एकदाच भरावी लागते, तारीख मात्र दर वेळी मजुरी कापून नेते.

जवळ न्यायालय असणे हाही म्हणून न्यायाचाच भाग आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. अनेक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचचे काम सुरू झाले. त्याचे उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. दादासाहेब गवईंचे सुपुत्र, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. हा अभिमानाचा क्षण होताच, पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या दिवसापासून कित्येक गरीब पक्षकारांचा रात्रीचा प्रवास वाचला.

विलायतेतल्या कामगारांचा धडा

फी वाढवल्यावर काय होते, याचे एक उदाहरण कामगार बांधवांनी ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये कामगारांच्या तक्रारींसाठी वेगळी न्यायाधिकरणे आहेत. तिथे पूर्वी फी नव्हती. जुलै २०१३ मध्ये सरकारने ती बसवली. अन्यायाने कामावरून काढले किंवा भेदभाव केला, अशी तक्रार सुनावणीपर्यंत न्यायची तर एकूण १,२०० पौंड. परिणाम काय झाला? तक्रारी जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी झाल्या. मालक रातोरात न्यायी झाले म्हणून नव्हे, तर कामगार दारापर्यंत येईनासा झाला म्हणून.

युनिसन ही कामगार संघटना हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली. २६ जुलै २०१७ रोजी निकाल लागला आणि ती फी बेकायदा ठरली. घेतलेले पैसे सरकारला परत करावे लागले. त्या निकालातला विचार आपण मनात कोरून ठेवावा असा आहे. न्यायालय म्हणजे पैसे देईल त्याला मिळणारी सेवा नव्हे. एकाने लढून मिळवलेल्या निकालाचा लाभ कोर्टाची पायरी कधीही न चढलेल्या लाखोंना होतो.

हे समजायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्याजवळ महाड आहे.

महाडचा दावा

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे, पण चवदार तळ्याचा दिवाणी दावा फार थोड्यांना ठाऊक असतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरच्या परिषदेला लोक जमले, मनुस्मृतीचे दहन झाले, पण कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असे ठरवून लोक तळ्यावर गेले नाहीत. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. विरोधक ठाण्याला अपिलात गेले, तिथे हरले. मग मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही.

ओंजळभर पाण्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ तीन कोर्टे झाली! समोर स्वतः बॅरिस्टर आंबेडकर होते म्हणून हा लढा शेवटपर्यंत गेला. त्यांच्या जागी एखादा साधा गावकरी असता, तर पहिल्या मनाई हुकमावरच तळ्याची कथा संपली असती. आणि निकालाचा लाभ कुणाला झाला? फक्त प्रतिवादींना झाला काय? तो साऱ्या समाजाला झाला. मग अशा लढ्याचा खर्च एकट्या लढणाऱ्याने का भरावा?

पुढे घटना लिहिताना बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या अधिकाराला, म्हणजे अनुच्छेद ३२ ला, घटनेचा आत्मा आणि हृदय मानले. हक्क कागदावर असून भागत नाही, तो बजावून घेण्याचा मार्ग हवा, हे ते महाडच्या अनुभवावरूनही जाणत होते. सम्राट अशोकानेही आपल्या स्तंभलेखात न्यायाच्या व्यवहारात आणि दंडात समानता असावी असे बजावले आहे. बौद्ध राज्यनीतीतली ही समता आपल्या घरची आहे, उसनी आणलेली नाही.

कायद्याने दिलेले, आपण न घेतलेले

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. पैशावाचून कुणी न्यायाला मुकू नये, राज्याने मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे, असे त्यात सांगितले आहे. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये कोण पात्र आहे याची यादी आहे : अनुसूचित जाती व जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, आपत्तीत किंवा जातीय अत्याचारात सापडलेली व्यक्ती. यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादा आहे.

बौद्ध बांधवांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. धम्म स्वीकारला म्हणून हा हक्क जात नाही. १९९० साली राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. जातीचे प्रमाणपत्र जपून ठेवा. ते केवळ नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद नाही, कोर्टाच्या दारातही ते उपयोगी पडते.

या मदतीत वकील तर मिळतोच, शिवाय कोर्ट फी, समन्सचा खर्च आणि कागदपत्रांच्या नकलांचा खर्चही येतो. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य असावे, एवढे प्राधिकरण पाहते. याखेरीज १ ऑक्टोबर १९९४ च्या महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, छळ आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. त्यातील मालमत्तेच्या दाव्याची व्याप्ती किती, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, म्हणून दावा लावण्यापूर्वी प्राधिकरणात विचारून घ्यावे.

"फुकटचा वकील काय कामाचा?" असे आपल्यातलेच लोक म्हणतात. ही शंका अगदीच खोटी नाही. फौजदारी बाजूला २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना सुरू झाली, पण घर, जमीन, पोटगी अशा दिवाणी प्रकरणांत अजून यादीवरच्या वकिलांवरच भिस्त आहे आणि त्यांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते. काही वकील मन लावून काम करतात, काही करत नाहीत. वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मागा. हक्काची वस्तू आहे, भीक नव्हे.

मग आमचे म्हणणे काय?

कोर्ट फीला आमचा सरसकट विरोध नाही. पण तिला सरसकट पाठिंबाही नाही. आमचे म्हणणे असे :

एक, लहान दाव्यांच्या फीला हात लावू नये, उलट ती उतरवावी. वाढ करायची तर बँका, कंपन्या आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या मोठ्या दाव्यांवर करावी.

दोन, वाढीचा पैसा मोठ्या गंगाजळीत बुडू देऊ नये. विधी सेवा कायद्याच्या कलम १६ खाली राज्य विधी साहाय्य निधी आधीच आहे. वाढीचा ठरावीक हिस्सा कायदा करून त्यात वळवावा आणि दरवर्षी जमा-खर्च छापून लोकांपुढे ठेवावा. केरळने आपल्या कोर्ट फी कायद्यात अशा वेगळ्या निधीची तरतूद केली आहे, म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही.

तीन, न्यायाधीशांचा पगार पक्षकारांच्या फीवर अवलंबून ठेवू नये. रिकामी पदे भरणे हे राज्याचे कर्तव्य आहे. काडीपेटीपासून साबणापर्यंत आम्ही कर भरतोच. पोलीस चौकीच्या दारात तिकीट लागत नाही, मग न्यायाच्या दारात का?

चार, दावा दाखल करण्याच्या प्रत्येक खिडकीवर मोठ्या अक्षरांत मराठी फलक लावावा : कुणाला फी माफ आहे आणि अर्ज कुठे द्यायचा. असा फलक त्या दिवशी खिडकीवर असता, तर आमच्या भगिनीच्या कानातली फुले वाचली असती.

आपले काम

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण काय करावे? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तेथील माणसाने लिहून घ्यायचे असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. सोबत जातीचे प्रमाणपत्र, रेशनकार्ड आणि वादाची कागदपत्रे, म्हणजे सातबारा, घराचा उतारा, मृत्यूचा दाखला, न्या. नकार दिला तर कारण लेखी मागा. नकाराविरुद्ध अपील करता येते.

त्या भगिनीचा दावा पुढे लोकअदालतीत मिटला. घराच्या दोन खोल्या तिच्या नावावर लागल्या. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हेही आम्हांला तेव्हाच कळले. मात्र एक सावधगिरी घ्यावी. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून तडजोड पटल्याशिवाय अंगठा उठवू नये. फी परत मिळायला चार खेपा पडल्या, पण मिळाली. एका रविवारी ती विहारात आली आणि वर्गणीची रक्कम आमच्यापुढे ठेवली. कुणाचे दहा, कुणाचे पन्नास, सारे वहीत लिहिलेलेच होते. आम्ही परत वाटायला निघालो तर कुणी घेईना.

ती रक्कम आता विहाराच्या वहीत वेगळ्या पानावर आहे. ती कोर्ट फीसाठी नाही, कारण ती आपल्याला भरायचीच नाही. प्राधिकरणाच्या कचेरीपर्यंत जायला ज्याच्याजवळ गाडीभाडे नसेल, त्याच्यासाठी ती ठेवली आहे. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही दोघे-तिघे कागद वाचायला आणि अर्ज लिहायला बसतो. आपापल्या विहारात असे दोन शिकलेले तरुण बसले, तर वर्गणीच्या वहीऐवजी अर्जाचा कागद पुढे येईल.

जय भीम!